मोडक्या सुयांची वही

"पत्ता सांगा, भावोजी."

मेहुणीच्या हातात एक निळी पिशवी होती आणि पिशवीत जुन्या पँटींच्या उसवून काढलेल्या चेन होत्या. मास्तर स्टुलावर बसले होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा पिशवीकडे.

"लागतात कधीमधी," ते म्हणाले.

"कधीमधी हा काही पत्ता नाही. कधीमधीला टपाल जात नाही. कुणाला लागणार, कशाला लागणार, ते बोला. नाहीतर ही चालली तिसऱ्या ढिगात."

मेहुणीने टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं निवडायचं काम केलं होतं. निवृत्त झाली तरी हात काही थांबले नव्हते. कुणाच्या घरी गेली तर बोलता बोलता चमचे एकीकडे, सुऱ्या एकीकडे करून ठेवायची. आज सकाळी आठला ती आली तीच पुठ्ठ्याच्या तीन पाट्या घेऊन. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. बाहेरच्या खोलीत तिने तीन चटया पसरल्या, प्रत्येकीवर एक पाटी उभी केली आणि बाह्या सरसावल्या.

"ताई, तुझ्या नवऱ्याची ही खोली म्हणजे न पोचलेल्या पत्रांचं कपाट आहे बघ."

"मला काय सांगतेस?" बायको म्हणाली. "दार अर्धंच उघडतं म्हणून सहा वर्षं मी तिरकी होऊन आत येते. सरळ चालायचं विसरले."

मास्तर कसनुसं हसले. खोली घराच्या मागच्या अंगाला होती, एका खिडकीची. तिच्यात तीन मशिनी होत्या. त्यांतली एकच चालायची, उरलेल्या दोन तिला सुटे भाग पुरवायच्या. भिंतीला लागून छतापर्यंत गाठोडी, प्रत्येकावर आतल्या कापडाचा तुकडा टाचलेला. बटणांचे डबे, रिळांच्या पेट्या, दारामागे कागदी मापं, खिळ्याला टांगलेली. परक्याला तो पसारा वाटला असता. मास्तरांना मात्र अंधारातही कुठलं गाठोडं कुठे आहे ते हाताने सांगता आलं असतं. गेल्या वर्षभरात तर ते हातानेच सांगत होते. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती.

ते मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीत त्यांनी चौतीस वर्षं चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे आणि नवजात मुलांना गुंडाळायची दुपटी शिवली. निवृत्तीनंतर उरल्यासुरल्या तुकड्यांच्या गोधड्या शिवायला लागले. अकरा शिवल्या. अकरावी नातीची.

आणि आजचा सगळा खटाटोपही नातीसाठीच होता. ती पाच महिन्यांची झाली होती. लेकीची रजा संपली होती. उद्यापासून लेक कामावर जाताना नातीला इथे सोडणार होती, आणि घरात शांत, उजेडाची अशी ही एकच खोली होती. शिवणकाम एका कपाटात आवरायचं, खिडकीखाली पाळणा ठेवायचा, असं दोघी बहिणींनी फोनवर ठरवून टाकलं होतं. मास्तरांना फक्त कळवलं होतं.

मास्तरांनी हो म्हटलं. नाही म्हणायची त्यांची रीतच नव्हती. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली होती, कारण या फरशीवर काय काय पडलेलं आहे हे त्यांच्या एकट्यालाच ठाऊक होतं. गेले आठ दिवस ते सकाळी दार लोटून घ्यायचे, नालेच्या आकाराचं जुनं लोहचुंबक दोरीला बांधायचे आणि गुडघ्यांवर रांगत फरशीवरून फिरवायचे. पहिल्या दिवशी एकतीस टाचण्या आणि चार सुया निघाल्या. मग चौदा. मग सहा. काल दोन. दोन म्हणजे शून्य नव्हे. पोर आणखी दोन महिन्यांनी रांगायला लागेल, सापडेल ते तोंडात घालेल.

"चुंबक कुठाय?" त्यांनी एकदम विचारलं. "इथे खिळ्याला होतं."

"ते गंजकं लोखंड?" मेहुणी म्हणाली. "ते दहा वाजताच गेलं. भंगारवाला गल्लीत आला होता, त्याला दोन मशिनी दिल्या, त्यावर ते टाकलं."

"मशिनी दिल्या?"

"तुम्हीच मान हलवलीत की!"

हलवली असेल. मास्तरांना आठवेना. त्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. दोन मशिनींच्या जागी फरशीचे दोन स्वच्छ चौकोन होते. त्यांची नजर तिथेच अडकली. मशिनींसाठी नव्हे. तिथे, मशिनींच्या खाली, त्यांनी चुंबक कधी फिरवलंच नव्हतं.

ते उठले आणि गुडघ्यांवर बसून तळव्याने फरशी चाचपायला लागले.

"झालं सुरू," बायको म्हणाली. "अहो, मी दोनदा झाडलंय तिथे."

"झाडूने टाचणी फटीत जाते."

"ऐकलंस का? लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेरगावी निघालो तर हे स्टेशनवरून परत आले होते, कुलूप ओढून बघायला. गाडी चुकली. मी बाकावर पेटीवर पाय ठेवून बसलेली."

"आणि कुलूप?"

"लागलेलंच. नेहमीच लागलेलं असतं. गॅस नेहमीच बंद असतो. नळ बंद असतो. या माणसाच्या हातून आजवर एक गोष्ट उघडी राहिली असेल तर शपथ. पण बघून येणारच."

मेहुणी खळखळून हसली. मास्तरही थोडे हसले, फरशीवरूनच. या गोष्टी त्यांनी इतक्यांदा ऐकल्या होत्या की आपण दुसऱ्याच कुणा विनोदी माणसाबद्दल ऐकतोय असं त्यांना वाटायचं.

बारा वाजेपर्यंत दार भिंतीला टेकेपर्यंत उघडू लागलं. द्यायच्या चटईवर गाठोड्यांचा डोंगर झाला. ठेवायच्या वस्तू मेहुणीने पुठ्ठ्याच्या सारख्या खोक्यांत भरल्या, वर ठळक अक्षरांत नावं लिहिली आणि कपाटात ओळीने लावल्या. फार नेटकं दिसत होतं. मास्तरांनी मापाचा टेप शोधायला तीन खोकी उघडली आणि गुपचूप बंद केली.

"ही कसली वही हो?" मेहुणी शेवटच्या फळीवर हात घालून म्हणाली. "अगं बाई! ताई, इकडे ये. मेलेल्या सुयांचा अल्बम आहे हा!"

जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक पानावर चिकटपट्टीखाली मोडलेल्या सुया लावलेल्या होत्या. वरचा जाड भाग आणि खालचं टोक, दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवून, जणू हाड बसवलंय. शेजारी तारीख आणि कापडाचं नाव.

"ते इस्पितळातलं आहे," मास्तर म्हणाले. "तशी पद्धत होती."

पद्धत त्यांना पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टरने शिकवली होती. मशिनीवर सुई मोडली की हात थांबवायचे. दोन्ही तुकडे शोधायचे, जुळवायचे, कागदावर चिकटवून दाखवायचे, तेव्हा नवी सुई मिळणार. टोक सापडलं नाही तर त्या दिवशी त्या टेबलावरचं एकही कापड खोलीबाहेर जायचं नाही. शोधायचं. तरीही नाही सापडलं तर कापड फाडायचं. त्या कापडावर उघड्या अंगाची, टाके घातलेली, बोलता न येणारी माणसं झोपतात, एवढंच कारण सिस्टरने दिलं होतं.

एकदा मास्तरांचं टोक हरवलं होतं. चाळीस चादरी उसवल्या, सगळी शिवणखोली दिवसभर ताटकळली आणि संध्याकाळी टोक मिळालं मास्तरांच्याच चपलेच्या तळव्यात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज कुणीतरी विचारायचंच, "मास्तर, चप्पल तपासली का?"

घरी कुणी विचारणारं नव्हतं. तरी त्यांनी वही चालू ठेवली होती.

"पत्ता सांगा," मेहुणी पानं उलटत म्हणाली. "हिचा तरी पत्ता नाही ना काही? मोडक्या सुया कुणाला— अरे, ही बघ, हिला नवरा नाही मिळाला!"

शेवटचं पान होतं. पट्टीखाली सुईचा वरचा अर्धा भाग होता. त्याच्या खाली रिकामी जागा. शेजारी मास्तरांच्या बारीक अक्षरात तारीख, आणि पुढे दोन शब्द. *टोक शोधायचे.*

मास्तरांनी वही हातात घेतली. खिडकीशी नेली. तारीख वाचायला त्यांना डोळे बारीक करावे लागले, आणि वाचल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

पण त्यांनी वही खाली ठेवली नाही. बायकोने वही त्यांच्या हातातून काढून घेतली आणि तारीख पाहिली. ती तारीख त्या घरात सगळ्यांना पाठ होती. नात जन्मली तो दिवस.

त्या सकाळी मास्तर गोधडीवर शेवटची आडवी शिवण मारत होते. तीन कापडांचा जोड आला, त्यांना तो दिसला नाही, सुई कडकन मोडली. वरचा तुकडा त्यांनी वहीत चिकटवला, दोन शब्द लिहिले आणि चुंबक घ्यायला उठले, तोच फोन वाजला. जावई होता. लेकीला इस्पितळात नेलं होतं. ते तसेच निघाले. इस्पितळात नातीला पाहून, पावणेतीन किलोची ती पोर हातात धरून, ते दुसऱ्या दिवशी परतले. मशिनीला नवी सुई लावली आणि उरलेली गोधडी एका बैठकीत पुरी केली. काठ दुमडताना ते गुणगुणत होते.

"गात होतात तुम्ही," बायको हळू म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हटलं, हे गातात?"

मास्तरांना आठवलं. निघताना त्यांनी कुलूप ओढून पाहिलं नव्हतं. नळ बघितला नव्हता. इतक्या वर्षांत तो एकच दिवस, जेव्हा त्यांना कशाचीही भीती वाटली नव्हती.

"फोन लाव तिला," ते म्हणाले.

बायकोने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"पोर झोपलं असलं की आवाज बंद करून ठेवते ती. आणि चारला येतेच आहे की इथे."

"कशात गुंडाळून आणेल?"

लेक नातीला त्या गोधडीशिवाय कुठेही नेत नव्हती.

मेहुणीने वही मिटली. "भावोजी, हे बघा. पाच महिने झाले. काही असतं तर पोर रडलं नसतं का? टोक तेव्हाच कुठेतरी उडालं असेल. फरशीवर. तुम्ही एवढ्या सुया गोळा केल्यात, त्यात गेलं असेल."

"असेल," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं. लगेच तसं वाटेनासं झालं. टोक फरशीवर पडलं असतं तर टिचकन आवाज आला असता. आला होता का? की तो सुई मोडल्याचा होता? चपलेत तर गेलं नसेल? ते आत जाऊन चपला घेऊन आले, दोन्हींचे तळवे खिडकीत धरून पाहिले. पाहताना त्यांना आपलीच लाज वाटत होती. चपलेत काही नव्हतं.

त्यांना जेवण गेलं नाही. दुपारभर ते फाटकाशी उभे होते. दर पाच मिनिटांनी बायको फोन लावायची आणि आतूनच "नाही" म्हणायची. मास्तरांच्या डोळ्यांपुढे टोक सरकत होतं. कापडाच्या थरांतून. एका धुण्यात केसभर, दुसऱ्या धुण्यात केसभर. कापडात शिरलेली सुई एका जागी राहत नाही, हे त्यांना माहीत होतं. ती कुठून निघेल हे कुणालाच माहीत नसतं.

चारला दहा कमी असताना लेक कोपऱ्यावर दिसली. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्यावर नात, नातीभोवती गोधडी. मास्तर जवळजवळ पळत गेले.

"गोधडी दे आधी."

"बाबा! पोरीकडे तर बघा!"

"दे म्हणतो ना."

त्यांनी गोधडी ओढली. नात दचकून रडायला लागली. लेक भर रस्त्यात त्यांच्याकडे बघत उभी राहिली. "काय झालंय?" तिने विचारलं, पण मास्तर गोधडी छातीशी धरून पुढे निघाले होते.

आवरलेल्या खोलीत आता मोठं टेबल मोकळं होतं. त्यावर मास्तरांनी गोधडी पसरली. मेहुणीने लेकीला वहीची गोष्ट सांगितली, शक्य तितकी हलक्या आवाजात. लेक नातीला थोपटत ऐकत होती. मास्तर बोटांच्या अग्रांनी एकेक तुकडा दाबत चालले होते. शहाण्णव तुकडे होते. डावीकडून उजवीकडे गेले, मग उलटून आतल्या बाजूने. मग पुन्हा.

काही लागलं नाही.

"मिळालं?" लेकीने विचारलं.

"नाही."

"म्हणजे नाहीच आहे. मी दर रविवारी धुतलीय ही. या हातांनी पिळलीय. टोचलं असतं ना कधीतरी?" तिचा आवाज सैल झाला. "बाबा, तुम्ही ना... जीवच घेतलात माझा."

"मी हेच म्हणत होते," मेहुणी म्हणाली.

खोलीतल्या हवेत जरा ऊब आली. मास्तरांनाही वाटलं की आता हसावं. सगळ्यांनी मिळून हसावं, चहा करावा, आणि ही गोष्टही कुलपाच्या गोष्टीशेजारी जाऊन बसावी. आयुष्यभर ते चुकीचंच घाबरले होते. आजही चुकले असले तर बरंच होतं. त्यांनी गोधडीची घडी घालायला घेतली. एक घडी घातली आणि त्यांचे हात थांबले.

"उसवायला लागेल," ते म्हणाले.

"काय?"

"सगळी. टोक मिळालं नाही तर कापड तसं देत नाहीत."

"कोण देत नाहीत? हे इस्पितळ आहे का?" लेकीने गोधडीचं दुसरं टोक धरलं. "हात नाही लावायचा. हा माझा शाळेचा युनिफॉर्म आहे. हा आजीच्या लुगड्याचा काठ. माझ्या पहिल्या नोकरीतला ड्रेस हा. तुम्ही मला एकेक तुकडा दाखवून सांगितलं होतं, फोनवर नाही, समोर बसून. तुम्ही कधी इतकं बोलला होतात का माझ्याशी?"

मास्तरांनी आपल्या हातातला काठ सोडला नाही.

"सहलीला नाही जाऊ दिलंत. बस उलटेल म्हणून. पोहायला नाही. सायकल आणलीत आणि ब्रेकचा भरवसा नाही म्हणून वर टांगून ठेवलीत, तीन वर्षं. वर्गातल्या मुली मला काय म्हणायच्या माहितीय? सगळं तुमच्या भीतीपायी गेलं माझं. आता ही पण?"

नात रडायची थांबली होती. मेहुणी खोक्यावरचं नाव उगाच वाचत होती. मास्तरांना खाली बघायचं होतं, आणि नेहमीसारखं म्हणायचं होतं, बरं, राहू दे.

"हो," ते म्हणाले. "ही पण."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली.

"दे त्यांना," बायको दारातून म्हणाली. "त्या दिवशी ते गात होते. मी ऐकलंय. गाणारा माणूस सुई शोधत नाही. दे."

लेकीने गोधडी सोडली. सोडली म्हणजे हातातून टाकली.

मास्तर टाके उसवायला नेहमी अर्धं ब्लेड वापरत. ते मेहुणीने न विचारताच बरोबर खोक्यातून काढून दिलं. काठापासून त्यांनी सुरुवात केली. एक टाका सोडून एक कापायचा, मग उलट बाजूने दोरा ओढायचा, म्हणजे कापडाला इजा होत नाही. पण दुसऱ्याच ओळीत ब्लेड घसरलं आणि युनिफॉर्मचा निळा तुकडा मधोमध फाटला. लेकीने तोंड फिरवलं.

चार महिने लागलेलं काम उलटं चाललं होतं. टेबलावर तुकडे सुटे होऊन पडत होते. पाचव्या ओळीशी मास्तर थांबले आणि डोळ्यांवर हात ठेवून बसले.

"दिसत नाही का?" लेकीने विचारलं.

"दिसतं."

"बाबा."

"दोरा कापडाच्या रंगाचा असला की दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. म्हणून तर मोडली सुई. जोड दिसला नाही."

लेकीने नातीला आईकडे दिलं. स्टूल ओढून ती समोर बसली आणि दोरे ओढायला लागली. ते कापत, ती ओढायची. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकून भिंतीवर गेला. मेहुणीने दिवा लावला आणि तशीच उभी राहिली. सातवी ओळ झाली. आठवी. मास्तरांना आता स्वतःचा राग येऊ लागला होता. नसेलच. नसणारच. लिहून ठेवलेल्या दोन शब्दांपायी आपण तिच्या हातातली एकुलती एक चांगली गोष्ट फाडून टाकली. यापुढे ती आपल्याकडे पोर ठेवेल का? ठेवावं का तिने?

"बाबा, हलू नका," लेक म्हणाली.

तिचा आवाज अगदी बारीक होता. तिने उजवा हात वर धरला होता. तर्जनीच्या पेरावर रक्ताचा थेंब फुगत होता.

तीन कापडांच्या जोडात, दुमडलेल्या शिवणीच्या आत, टोक दोऱ्याला समांतर पडलेलं होतं. म्हणून बोटांना ते दोऱ्यासारखंच लागलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. गंजून तांबूस झालेलं. आतल्या पांढऱ्या कापडावर त्याच्याभोवती तांबडा डाग धरला होता, आणि डागाची एक बारीक रेघ शिवणीबाहेर, वरच्या कापडाकडे निघालेली होती. वरच्या कापडापासून ते आता बोटाच्या नखाएवढंही लांब नव्हतं.

बायकोने नातीला घट्ट धरलं. मेहुणी पुढे झाली, तिने लेकीला बोट नळाखाली धरायला नेलं आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मास्तरांना आपण बरोबर ठरलो याचं काही वाटलं नाही. त्यांनी टोक चिमटीत उचललं, वहीतल्या वरच्या तुकड्याची लांबी त्यांच्या डोळ्यांपुढे होती, तीवरून मनातच माप घेतलं. पुरं होतं. आणखी तुकडा राहिला नव्हता. तेव्हा कुठे त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं.

"मशीनही द्यायच्या ढिगात ठेवा," मेहुणी परत आल्यावर ते तिला म्हणाले.

"भावोजी, आज नका ठरवू काही."

"आजच ठरवतो."

मेहुणी खाली बसून फरशीवरचे दोरे गोळा करायला लागली, एकेक, चिमटीने.

लेक आत आली. बोटाला पट्टी होती. तिने टेबलावरच्या तुकड्यांकडे पाहिलं, फाटलेला निळा तुकडा उचलून बाजूला ठेवला. माफी वगैरे तिने मागितली नाही. मास्तरांनाही ती नको होती.

"ब्लेड कुठाय?" तिने विचारलं.

"हे काय. कागदात गुंडाळलंय."

"द्या इकडे."

तिने ते घेतलं, उघडून पाहिलं, पुन्हा गुंडाळलं आणि उंच फळीवर ठेवलं.

नात आजीच्या खांद्यावर झोपली होती. बायकोने खुणेनेच विचारलं, कुठे ठेवू? खिडकीखाली पाळणा लावून झाला होता. लेकीने कपाटातून एक धुतलेली चादर काढली, झटकली आणि पाळण्यात अंथरली. मग वाकून तिने पंजा चादरीवर ठेवला आणि या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश फिरवला. चादर उलटली. दुसऱ्या बाजूनेही फिरवला.

"दे गं आता," बायको हळूच म्हणाली. "हात अवघडला माझा."

"थांब, आई."

तिने चादर पुन्हा सुलट केली. दिवा तिच्या पाठीमागे होता, आपलीच सावली पडते म्हणून ती बाजूला सरकली आणि कोपऱ्यापासून परत सुरुवात केली. दुपारी या खोलीत येताना तिच्या कपाळावर नसलेली एक आठी आता तिथे होती. मास्तरांनी ती ओळखली. रोज दाढी करताना ते ती बघत होते.

'एकदा पुरे गं,' असं त्यांना म्हणायचं होतं. पण ती तिसऱ्यांदा हात फिरवत होती.